कर्नेलमधील मेमरी-दोष शोधणाऱ्या साधनांचा मेमरीखर्च कसा आटोक्यात ठेवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात लिनक्स कर्नेलवर काम करणारी मंडळी संख्येने थोडी आणि विखुरलेली आहेत. कोणी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत उपकरणांचे ड्रायव्हर लिहितात, कोणी फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतात, तर कोणी म्हापशात किंवा मडगावात घरी बसून बाहेरगावच्या कंपनीचे काम करतात. या सर्वांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: कासान, म्हणजे कर्नेलमधील मेमरीच्या चुका पकडणारे साधन, चालू केले की यंत्राची मेमरी पुरत नाही आणि बंद केले की चूक सापडत नाही. ही प्रश्नोत्तरे त्या तक्रारीसाठी लिहिली आहेत. पर्यायांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये आणि बूटच्या ओळीत ती मूळ स्पेलिंगनेच लिहावीत.

ही साधने मुळात एवढी मेमरी कशासाठी घेतात?

सी भाषेत लिहिलेल्या कर्नेलला एखादा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) कोणत्या वस्तूचा, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीच्या तुकड्याचा, आहे, त्या वस्तूची हद्द कुठे संपते आणि ती अजून वापरात आहे की मोकळी झाली आहे, यांपैकी काहीही आपोआप कळत नाही. ही माहिती कुठेतरी लिहून ठेवावी लागते आणि प्रत्येक वाचनाच्या किंवा लेखनाच्या वेळी ती पडताळावी लागते. खर्चाचे मूळ या नोंदवहीत आहे.

लिनक्सच्या ४.० या आवृत्तीत, म्हणजे २०१५ साली, कासान मुख्य शाखेत आले. त्याच्या सर्वसाधारण प्रकाराला जेनेरिक कासान म्हणतात. त्याचा खर्च एकाच खात्यात पडत नाही, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेकांची काटकसर चुकीच्या जागी होते. पहिला भाग शॅडो मेमरीचा, म्हणजे वरील नोंदवहीचा, दुसरा प्रत्येक वस्तूभोवती सोडलेल्या प्रवेशबंद पट्टीचा, म्हणजे रेडझोनचा, आणि त्यातच बसवलेल्या माहितीचा, तिसरा मोकळ्या केलेल्या वस्तू काही काळ अडवून ठेवणाऱ्या क्वारंटाइनचा, चौथा वाढवलेल्या कर्नेल-स्टॅकचा आणि पाचवा फुगलेल्या कोडचा व स्टॅक-ट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली याच्या नोंदी, साठवणाऱ्या स्टॅकडेपोचा. कर्नेलच्या कॉन्फिगमधील मदत-मजकूर जेनेरिक कासानसाठी बूटच्या वेळी उपलब्ध मेमरीचा सुमारे १/८ भाग, पुढील वाटपांवर (मेमरी मागून घेण्यावर) सुमारे ५० टक्के भर आणि सुमारे तिप्पट संथपणा असा अंदाज देतो. यांतील १/८ हा आकडा पक्का असून बाकीचे दोन आपल्या कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतात.

शॅडो मेमरीत नेमके काय लिहिलेले असते?

मेमरीच्या दर ८ बाइटमागे शॅडोची १ बाइट असते. ती शून्य असेल तर आठही बाइट वापरण्यास मोकळ्या आहेत. १ ते ७ असेल तर पहिल्या तेवढ्याच बाइट वापरता येतात. ऋण असेल तर त्या आठांपैकी एकीलाही हात लावायचा नाही, आणि ऋण संख्येच्या नेमक्या किमतीवरून कारण कळते.

समजा, ड्रायव्हरने केमॅलॉककडे, म्हणजे कर्नेलच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे, ५२ बाइट मागितल्या. त्या ६४ बाइटच्या स्लॅबमधून, म्हणजे एकाच मापाच्या तुकड्यांच्या साठ्यातून, मिळतील. शॅडोमध्ये ओळीने सहा शून्ये येतील, कारण ६ × ८ = ४८. सातव्या जागी ०४ येईल आणि आठव्या जागी रेडझोनची खूण एफसी येईल. आता कोणी चुकून ५३वी बाइट वाचली, तर कंपायलरने पेरलेली तपासणी सातव्या शॅडो-बाइटकडे पाहते, तेथे ४ लिहिलेले आढळते आणि मागणी पाचव्या बाइटची असते. त्याच क्षणी अहवाल छापला जातो. वस्तू मोकळी केल्यावर याच जागी एफए आणि एफबी अशा खुणा येतात. अहवालाच्या तळाशी छापलेली ती सोळा-सोळा बाइटची ओळ एकदा सावकाश वाचायला शिकले, की निम्मे निदान तेथेच होते.

१/८ हे प्रमाण १/१६ करता येईल का?

जेनेरिक प्रकारात नाही. हे प्रमाण कंपायलर आणि कर्नेल या दोघांनी मिळून ठरवलेले असते आणि त्यासाठी बूटचा कोणताही पर्याय नाही. प्रमाण बदलायचे असेल तर प्रकारच बदलावा लागतो. त्याविषयी पुढे येईल.

मेमरीच्या नकाशात कासानच्या नावावर १६ टीबी दिसतात. ते खरेच वापरले जातात का?

नाही. चार पातळ्यांची पेज-टेबले वापरणाऱ्या ६४ बिटच्या एक्स८६ यंत्रावर शॅडोसाठी १६ टीबी एवढा आभासी पत्त्यांचा पट्टा राखलेला असतो. जेथे खरी मेमरी आहे तेवढ्याच भागाला खरी शॅडो मिळते. उरलेल्या प्रचंड प्रदेशासाठी शून्यांनी भरलेले एकच पेज (मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) पुन्हा पुन्हा जोडलेले असते. ३२ बिटच्या यंत्रांवर मात्र आभासी पत्तेच मुळात तोकडे असल्याने हा पट्टाही जड जातो.

खर्च कोणत्या खात्यात जातो हे कसे मोजावे?

काटकसरीला हात घालण्यापूर्वी हे मोजमाप करावेच, कारण त्याशिवाय केलेला प्रत्येक बदल अंदाजपंचे असतो. एकाच कॉन्फिगचे दोन कर्नेल बांधावेत, एक कासानसह आणि एक कासानविना. दोन्ही त्याच यंत्रावर बूट करावेत, तेच काम तेवढाच वेळ चालवावे आणि दोन्ही वेळी ‘प्रॉक’मधील ‘मेमइन्फो’ फाइल जतन करावी.

या फाइलमधील तीन ओळी सर्वांत जास्त सांगतात. ‘मेमटोटल’मधील घट म्हणजे मुख्यत्वे शॅडो, कारण शॅडो बूटच्या अगदी सुरुवातीला राखली जाते आणि एकूण मेमरीच्या हिशेबात ती धरलीच जात नाही. फुगलेले कोडही या घटीत मिसळलेले असते. ‘एसअनरिक्लेम’मधील वाढ म्हणजे रेडझोन आणि क्वारंटाइन यांची बेरीज. ‘कर्नेलस्टॅक’मधील वाढ म्हणजे मोठे झालेले स्टॅक. ८ जीबीच्या यंत्रावर पहिली घट १ जीबीच्या आसपास असेल, तर सारे अपेक्षेप्रमाणे आहे आणि तेथे डोके लावण्यात अर्थ नाही. दुसरी वाढ तुमच्या कामाच्या मानाने अवाजवी दिसली तर ‘स्लॅबइन्फो’ उघडून कोणता कॅशे (एका प्रकारच्या वस्तूंचा साठा) फुगला आहे ते पाहावे.

लहान वस्तूंवर एवढा भार का पडतो?

रेडझोनचा आकार वस्तूच्या आकाराबरोबर वाढतो, पण त्याच प्रमाणात नाही. ४८ बाइटपर्यंतच्या वस्तूला १६ बाइट, त्यापुढे ९६ बाइटपर्यंत ३२, ४४८ पर्यंत ६४ आणि ३९६८ पर्यंत १२८ अशी पायरी आहे. म्हणजे ८ बाइटच्या वस्तूला स्वतःच्या दुप्पट रेडझोन मिळतो आणि १ केबीच्या वस्तूला केवळ आठवा भाग. ज्या ड्रायव्हरमध्ये हजारो चिमुकल्या नोंदी वेगवेगळ्या वाटपांनी तयार होतात, त्याला कासानचा फटका सर्वांत मोठा बसतो.

यावर चांगला उपाय ड्रायव्हरच्या रचनेतच असतो. दहा-दहा बाइटच्या शंभर नोंदी वेगळ्या मागण्याऐवजी त्यांचा एक अॅरे मागितला तर रेडझोन एकच लागतो. मात्र याची किंमत ओळखून असावे: अॅरेच्या आत एका नोंदीतून शेजारच्या नोंदीत झालेले अतिक्रमण कासानला दिसणार नाही. केवळ चाचणीच्या सोयीसाठी अशी रचना बदलू नये. मुळातच अॅरे योग्य असेल तरच बदलावी.

क्वारंटाइन म्हणजे काय आणि तो लहान करावा का?

मोकळी केलेली वस्तू लगेच दुसऱ्या कोणाला दिली, तर जुन्या पॉइंटरने केलेला स्पर्श वैध वाटतो आणि चूक लपून जाते. म्हणून जेनेरिक कासान अशा वस्तू रांगेत अडवून ठेवते. रांगेची कमाल मर्यादा एकूण मेमरीच्या १/३२ एवढी आहे: १ जीबीच्या बोर्डवर ३२ एमबी, ८ जीबीच्या यंत्रावर २५६ एमबी.

ही मर्यादा बदलण्यासाठी बूटचा पर्याय नाही. ‘एमएम’ निर्देशिकेतील कासानच्या क्वारंटाइन फाइलमध्ये ३२ हा भाजक लिहिलेला आहे. तो ६४ किंवा १२८ करून कर्नेल पुन्हा बांधता येतो आणि तांत्रिकदृष्ट्या हा बदल अगदी सोपा आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की ही शेवटची कात्री असावी. मोकळ्या केलेल्या मेमरीला पुन्हा हात लावण्याची चूक सर्वांत घातक असते आणि ती सापडण्याची शक्यता थेट या रांगेच्या लांबीवर अवलंबून असते. रांग आखूड झाली की अहवाल येणे थांबते आणि आपण ‘सर्व ठीक आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो.

एक उपयुक्त बारकावा येथे सांगितला पाहिजे. क्वारंटाइनमधील वस्तू स्लॅबच्या आकडेवारीत वापरात असल्यासारख्या दिसतात, त्यामुळे पुष्कळांना ड्रायव्हर मेमरी गळतो आहे, म्हणजे घेतलेली परत करत नाही, असा भास होतो. अशा वेळी ‘सिस-कर्नेल-स्लॅब’खाली त्या कॅशेच्या निर्देशिकेतील ‘श्रिंक’ फाइलमध्ये १ लिहावे. त्याने त्या कॅशेच्या अडवलेल्या वस्तू सोडल्या जातात. आकडा खाली आला तर तो क्वारंटाइन होता. तसाच राहिला तर गळतीची शंका घ्यायला जागा आहे.

कर्नेल-स्टॅक का वाढतात? स्टॅकची तपासणी बंद केली तर ते पूर्ववत होतील का?

पेरलेल्या तपासण्यांमुळे आणि स्थानिक चलांभोवतीच्या रेडझोनमुळे फंक्शनला स्टॅकवर अधिक जागा लागते. म्हणून एक्स८६च्या ६४ बिट बांधणीत कासान असताना प्रत्येक थ्रेडचा स्टॅक १६ केबीऐवजी ३२ केबी होतो. ६४ बिटच्या आर्मवर जेनेरिक आणि सॉफ्टवेअर-टॅग या दोन्ही प्रकारांत असेच घडते. यंत्रावर २००० थ्रेड असतील तर एवढ्यानेच सुमारे ३२ एमबी जातात.

‘कासान स्टॅक’ हा पर्याय बंद केल्याने ही दुप्पट परत मिळत नाही, कारण स्टॅकचा आकार कासान चालू आहे की नाही यावर ठरतो आणि तो पर्याय त्यात विचारला जात नाही. खरी बचत थ्रेड कमी करण्यात आहे. चाचणीच्या यंत्रावर ग्राफिकल डेस्कटॉप, ब्राउझर आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या डझनभर सेवा यांची गरज क्वचितच असते.

तपासण्या पेरण्याच्या इनलाइन आणि आउटलाइन पद्धतींपैकी काय निवडावे?

मेमरी हीच अडचण असेल तर आउटलाइन. त्यात तपासणीच्या जागी फंक्शनला हाक मारली जाते, त्यामुळे कर्नेलची प्रतिमा लहान राहते. इनलाइनमध्ये तपासणीच जागोजागी लिहिली जाते. ते दुपटीपर्यंत वेगवान ठरू शकते, पण प्रतिमा वाढते.

संपूर्ण कर्नेलऐवजी फक्त माझ्या ड्रायव्हरची तपासणी करता येईल का?

काही अंशी. मेकफाइलमध्ये ‘कासान सॅनिटाइझ’ या चलाला एखाद्या फाइलसाठी किंवा निर्देशिकेसाठी ‘एन’ दिले की तेथे तपासण्या पेरल्या जात नाहीत. त्याने कोड लहान होते आणि वेग वाढतो. शॅडो, रेडझोन व क्वारंटाइन मात्र तसेच राहतात, कारण ते वाटप करणाऱ्या यंत्रणेशी बांधलेले आहेत. शिवाय आपल्या ड्रायव्हरने दिलेल्या चुकीच्या पॉइंटरचा स्फोट अनेकदा दुसऱ्याच उपप्रणालीत होतो, आणि तेथील तपासणी काढलेली असेल तर तो दिसणार नाही. वेगाची निकड नसेल तर हा मार्ग मी सुचवत नाही.

सॉफ्टवेअर-टॅग प्रकाराने किती बचत होते आणि काय गमावावे लागते?

हा प्रकार ५.० या आवृत्तीत आला आणि ६४ बिटच्या आर्मवर वापरला जातो, कारण तेथे पत्त्याची सर्वांत वरची बाइट प्रोसेसरला दुर्लक्षित करायला सांगता येते. त्या बाइटमध्ये पॉइंटरचा टॅग ठेवला जातो आणि मेमरीच्या दर १६ बाइटमागे १ बाइट शॅडोमध्ये मेमरीचा टॅग ठेवला जातो. दोन्ही जुळले नाहीत तर चूक. शॅडो १/१६ वर येते, रेडझोन आणि क्वारंटाइन लागत नाहीत, आणि वाटपांवरील भर कॉन्फिगच्या मदत-मजकुरानुसार सुमारे २० टक्क्यांवर येतो.

गमावण्याच्या बाजूला दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे टॅग यदृच्छेने निवडले जात असल्याने दोन वस्तूंना तोच टॅग मिळण्याची अल्प शक्यता राहते. ८ बिटच्या टॅगमध्ये ती साधारण २५६ मध्ये एक. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. वर घेतलेले ५२ बाइटचे उदाहरण येथे पुन्हा पाहा. एका टॅगखालचा तुकडा १६ बाइटचा असल्याने ती वस्तू ६४ बाइटपर्यंत एकाच टॅगची राहते आणि ५३व्या बाइटचे चुकीचे वाचन निसटून जाते. एका-दोन बाइटने हद्द ओलांडण्याची चूक आपल्या ड्रायव्हरमध्ये संभवत असेल, उदाहरणार्थ सिरियल पोर्टवरून आलेल्या ओळीच्या शेवटी शून्य बाइट चिकटवताना, तर जेनेरिक प्रकाराला पर्याय नाही.

हार्डवेअर-टॅग प्रकारासाठी महागडे यंत्र घ्यावे लागेल का?

शिकण्यासाठी नाही. हा प्रकार आर्मच्या मेमरी टॅगिंग एक्स्टेन्शनवर, म्हणजे एमटीईवर, उभा आहे आणि तो ५.११ या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आहे. दर १६ बाइटमागे ४ बिटचा टॅग हार्डवेअरच सांभाळते, म्हणजे १/३२, सुमारे ३ टक्के. कंपायलरने तपासण्या पेरण्याची गरज नसल्याने कोड फुगत नाही आणि आर्मवर स्टॅकही दुप्पट होत नाहीत. टॅग ४ बिटचेच असल्याने एखादी चूक निसटण्याची शक्यता मात्र सॉफ्टवेअर-टॅगपेक्षा जास्त असते. क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या ‘व्हर्ट’ यंत्राला एमटीई चालू करण्याचा पर्याय दिला आणि प्रोसेसर ‘मॅक्स’ ठेवला की साध्या लॅपटॉपवर हे सारे पाहता येते. केवळ नक्कल असल्यामुळे ते संथ चालते.

दोन्ही टॅग-प्रकारांत वस्तू घेण्या-सोडण्याचे ठसे (स्टॅक-ट्रेस) एका चक्राकार यादीत ठेवले जातात. तिची मूळ लांबी ३२,७६८ नोंदी, म्हणजे सुमारे १ एमबी आहे आणि ‘कासान.स्टॅक_रिंग_साइझ’ने ती बदलता येते. ‘कासान.स्टॅकट्रेस=ऑफ’ दिले की हे ठसेही जातात, पण त्यानंतर अहवालात वस्तू कोणी घेतली आणि कोणी सोडली हेच दिसत नाही. १ एमबीसाठी एवढी किंमत मोजू नये. ‘कासान.पेज_अलॉक.सॅम्पल’ हा पर्याय काही जण मेमरी वाचवण्यासाठी देतात. त्याने वाचतो तो प्रोसेसरचा वेळ.

ग्राहकाकडे बसवलेल्या उपकरणावर काय चालवावे?

केफेन्स, म्हणजे निवडक वाटपेच तपासणारे कर्नेलमधले हलके साधन. या एका उत्तरावर मी ठाम आहे.

समजा, मालिमच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ट्रॉलरवर बोट कुठे आहे याची नोंद ठेवणारे उपकरण आहे आणि त्यावर ५१२ एमबी मेमरी आहे. जेनेरिक कासान लावले तर ६४ एमबी शॅडोला आणि १६ एमबीपर्यंत क्वारंटाइनला जातील, रेडझोन व स्टॅक वेगळेच, आणि तिप्पट संथपणामुळे नोंदी वेळेवर होणार नाहीत. केफेन्सचा हिशेब निराळा आहे. ते प्रत्येक वाटप तपासत नाही. ठरावीक अंतराने एखादे वाटप उचलून ते एका स्वतंत्र पेजवर ठेवते आणि त्याच्या शेजारचे पेज प्रवेशास बंद करते. हद्द ओलांडली की थेट पेज-फॉल्ट येतो. राखीव जागेचे सूत्र सोपे आहे: वस्तूंच्या संख्येत १ मिळवा, त्याला २ ने गुणा आणि पेजच्या आकाराने गुणा. मूळ संख्या २५५ असल्याने ४ केबीच्या पेजवर बरोबर २ एमबी लागतात. संख्या ६३ केली तर ५१२ केबी. मात्र ६४ केबीच्या पेजचा कर्नेल बांधला असेल तर त्याच २५५ वस्तूंना ३२ एमबी लागतात, आणि ही गोष्ट आर्मच्या बोर्डवर काम करणाऱ्यांनी अवश्य तपासावी.

नमुना उचलण्याचे मूळ अंतर १०० मिलिसेकंद आहे, ‘केफेन्स.सॅम्पल_इंटरव्हल’ने ते बदलता येते आणि शून्य दिले की केफेन्स बंद होते. येथे एक गैरसमज सतत आढळतो: अंतर वाढवले की मेमरी वाचते. तसे होत नाही, कारण राखीव जागा बूटच्या वेळीच घेतलेली असते. अंतर वाढवून वाचतो तो प्रोसेसरचा वेळ आणि थोडी बॅटरी. मेमरी वाचवायची असेल तर वस्तूंची संख्याच कमी करावी लागते, आणि ती फार कमी केली तर दीर्घकाळ जिवंत राहणाऱ्या वस्तू सगळी जागा अडवून बसतात व नवे नमुने घेताच येत नाहीत. ‘डीबग’ फाइलप्रणालीतील ‘केफेन्स’ निर्देशिकेत ‘स्टॅट्स’ नावाची फाइल असते. तीत चालू वाटपांचा आकडा सतत कमाल संख्येला भिडलेला दिसला, तर जागा अपुरी आहे असे समजावे. राखीव जागेचा ७५ टक्के भाग भरला की ज्या ठिकाणाहून आधीच नमुना घेतलेला आहे ते ठिकाण केफेन्स टाळू लागते, त्यामुळे लहान यादीतही थोडे वैविध्य टिकते.

केफेन्सची ताकद एका उपकरणात नसते. तेच कर्नेल अनेक बोटींवर महिनोन्‌महिने चालले की क्वचित घडणारी चूकही कुठेतरी नमुन्यात सापडते. म्हणून अहवाल जपून ठेवण्याची सोय आधी करावी. कर्नेलचा लॉग रीबूटनंतर टिकणारा असावा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ट्रॉलर धक्क्याला असतात, तेव्हा लॉग उतरवून घेणे आणि नवा कर्नेल बसवणे ही दोन्ही कामे एकाच खेपेत होतात. केफेन्स ५.१२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, उपलब्ध आहे. त्याहून जुन्या कर्नेलवर अडकलेल्यांना ते मिळणार नाही.

कोणत्या कॅशेमध्ये गडबड आहे हे मला माहीत आहे. तरीही कासानच लावावे का?

गरज नाही. स्लबची, म्हणजे कर्नेलमध्ये वस्तू वाटणाऱ्या यंत्रणेची, स्वतःची तपासणी एकाच कॅशेपुरती चालू करता येते. बूटच्या ओळीत ‘स्लब_डीबग’ला एफ, झेड, पी, यू यांपैकी हवी ती अक्षरे आणि स्वल्पविरामानंतर कॅशेचे नाव द्यावे. एफ म्हणजे सुसंगतीची तपासणी, झेड म्हणजे रेडझोन, पी म्हणजे मोकळ्या वस्तूत विशिष्ट खूण भरणे आणि यू म्हणजे घेणाऱ्या-सोडणाऱ्याची नोंद. नाव न देता चारही अक्षरे दिली तर सर्वच कॅशे फुगतात. ६४ बाइटची वस्तू दुपटीहून अधिक जागा घेऊ लागते. यू सर्वांत महाग आहे. आधी एफ आणि झेड यांवर भागते का ते पाहावे. ही तपासणी चूक घडल्यानंतर, म्हणजे वस्तू सोडताना किंवा पुन्हा घेताना, लक्षात आणून देते. चूक करणारी नेमकी ओळ दाखवत नाही.

गळती शोधणारे केमेमलीक कायम चालू ठेवावे का?

ठेवू नये. ते प्रत्येक वाटपासाठी स्वतंत्र नोंद बाळगते, त्यामुळे लहान वाटपे जितकी जास्त तितका खर्च मोठा. बांधणीत ते समाविष्ट करून ‘डिफॉल्ट ऑफ’ ठेवावे आणि गरज पडेल त्या बूटला ‘केमेमलीक=ऑन’ द्यावे. काम झाल्यावर त्याच्या डीबग फाइलमध्ये आधी ‘ऑफ’ आणि मग ‘क्लिअर’ लिहिले की नोंदींची मेमरी परत मिळते. केवळ ‘ऑफ’ लिहून थांबू नये. एकदा बंद केल्यावर पुढच्या बूटपर्यंत ते पुन्हा चालू होत नाही.

कोणते पेज कोणी घेतले याची नोंद ठेवणाऱ्या पेज-ओनरचेही असेच आहे. बांधणीत असूनही बूटच्या ओळीत ‘पेज_ओनर=ऑन’ दिले नाही तर त्याच्यासाठी मेमरी घेतली जात नाही.

केएमसॅनचा खर्च कमी करण्याची काही युक्ती?

फारशी नाही. आरंभी किंमत न दिलेल्या मेमरीचा वापर शोधण्यासाठी ते प्रत्येक पेजमागे एक शॅडो पेज आणि एक उगमाचे पेज ठेवते, म्हणजे गरज जवळजवळ तिप्पट होते. ६.१ आवृत्तीपासून उपलब्ध असलेले हे साधन क्लँग कंपायलरनेच बांधता येते आणि ते भरपूर मेमरीच्या यंत्रावर, व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवावे. उपकरणावर अशा चुकांचे परिणाम टाळायचे असतील तर ‘इनिट_ऑन_अलॉक=१’ हा पर्याय मेमरी न वाढवता प्रत्येक वाटप शून्याने भरून देतो. त्याने चूक सापडत नाही, फक्त तिचा डंख कमी होतो.

माझ्या लॅपटॉपवर ८ जीबीच मेमरी आहे. प्रकल्पासाठी कासान वापरता येईल का?

निश्चित येईल, आणि विद्यार्थ्यांनी या कारणाने माघार घेऊ नये. लॅपटॉपचा मुख्य कर्नेल आहे तसा ठेवावा आणि कासानचा कर्नेल क्यूईएमयूमध्ये १ जीबी मेमरी देऊन चालवावा. तेथे शॅडो १२८ एमबी आणि क्वारंटाइन ३२ एमबीपर्यंत होईल. बिझीबॉक्स या छोट्या आज्ञासंचावर आधारलेली लहान मूळ फाइलप्रणाली, लागणारे तेवढेच ड्रायव्हर आणि आउटलाइन पर्याय एवढ्यावर उरलेली मेमरी ड्रायव्हरच्या चाचणीला पुरेशी ठरते. खरी ओढाताण बांधणीच्या वेळी होते, कारण डीबग माहितीसह कर्नेल जोडताना लिंकर भरपूर मेमरी मागतो. तेव्हा ब्राउझर बंद ठेवावा आणि एकाच वेळी चालणारी कामे कमी करावीत. पावसाळ्यात वीज जाण्याची शक्यता धरून कंपाइल कॅशे वापरावा, म्हणजे अर्धवट राहिलेली बांधणी पहिल्यापासून करावी लागत नाही.

स्वॅप (डिस्कवरील पर्यायी जागा) किंवा झीरॅम (मेमरीतच दाबून ठेवलेला स्वॅप) वाढवून कासानला जागा करून देता येईल का?

शॅडो, रेडझोन, क्वारंटाइन आणि कर्नेल-स्टॅक यांपैकी काहीही स्वॅपमध्ये जात नाही. स्वॅपने वापरकर्त्याचे प्रोग्राम बाजूला सरकतात आणि तेवढी जागा कर्नेलला मिळते, इतकाच अप्रत्यक्ष लाभ. मेमरी संपून प्रोग्राम मारले जाऊ लागले तर त्या चाचणीचे निकाल सावधपणे घ्यावेत, कारण आता ड्रायव्हरमधील वाटप-अपयशाच्या क्वचित चालणाऱ्या वाटा तपासल्या जात आहेत. तेथे सापडलेली चूक खरीच असते; ज्या चुकीच्या शोधात आपण होतो ती मात्र कदाचित वेगळी असेल.

डीबग माहितीमुळे चालू यंत्राची मेमरी खर्च होते का?

मुख्य प्रतिमेतील डीबग माहिती मेमरीत चढवली जात नाही. ती बांधणीच्या यंत्रावर ठेवून अहवालातील पत्ते तेथेच उलगडावेत. गफलत होते ती इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उलगडणाऱ्या फाइलसंचात. डीबग माहिती न काढलेले मॉड्यूल त्यात भरले तर ते सर्व बूटच्या वेळी मेमरीतच उलगडले जातात आणि छोट्या बोर्डवर बूटच अडते. मॉड्यूल बसवताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ द्यावे.

कासान लावल्यापासून केडम्प (कर्नेल कोसळल्यावर मेमरीची प्रत काढणारी सोय) चालेनासे झाले आहे. काय करावे?

कोसळल्यानंतर चढणारा दुसरा कर्नेल ‘क्रॅशकर्नेल’ने राखलेल्या छोट्या जागेत चालतो. तोही कासानसह बांधलेला असेल तर २५६ एमबीमधील ३२ एमबी शॅडोलाच जातात, वर फुगलेली प्रतिमा आणि मोठे स्टॅक येतात. राखीव जागा वाढवत नेण्यापेक्षा त्या कामासाठी कासानविना बांधलेला, मोजक्या ड्रायव्हरांचा वेगळा कर्नेल केएक्झेक या साधनाने चढवून ठेवावा. मुख्य कर्नेलच्या मेमरीची प्रत काढणे एवढेच त्याचे काम असते, आणि त्यासाठी स्वतःच्या मेमरीची तपासणी त्याला करावी लागत नाही.